व्याहीबुवा आणि नसलेले बळ

“जे बळ मुळात नसतंच असं म्हणता, ते किती वाढलं हे मोजता कसं, सर?”

एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात, ओल्या फरशीवर उभा असताना हा प्रश्न मला विचारण्यात आला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. उत्तर उपलब्ध नाही असे नव्हे. पाठ्यपुस्तकात ते दीड पानभर पसरलेले आहे आणि वर्षानुवर्षे मी ते फळ्यावर उतरवून उत्तरपत्रिकांतून जसेच्या तसे परत मिळवले आहे. मात्र ते समजण्यासाठी ऐकणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक असावे लागते, अशी त्याची एक किरकोळ अट आहे आणि समोरच्या गृहस्थांनी ती पुरी केलेली नव्हती.

गोष्ट १९८७ सालची. या धुलाईघरातील कपडे पिळण्याच्या यंत्राने आठवड्यापूर्वी आपली जागा सोडून शेजारची भिंत फोडली होती. चौकशीसाठी तिघांची समिती नेमली गेली आणि भौतिकशास्त्र शिकवतो एवढ्या भांडवलावर तीत माझी वर्णी लागली. अध्यक्ष होते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक मोठे अभियंते. तिसरे सभासद रुग्णालयाचे कार्यालयप्रमुख. अध्यक्षांनी मला अपकेंद्री बळ म्हणजे काय ते ‘सर्वांना कळेल असे’ सांगण्याची आज्ञा केली. मी सांगितले की असे बळ नसते. गरगर फिरणारी चादर सरळ रेषेत निघून जाऊ पाहते आणि ड्रमची भिंत तिला क्षणोक्षणी आत वळवत राहते. चादरीतल्या पाण्याला मात्र भिंतीतली भोके सापडतात, म्हणून ते निसटते. बाहेर ओढणारे कोणीही नसते. तशी ओढ जाणवते ती फक्त चादरीबरोबर आत बसून फिरणाऱ्याला. त्याच्या हिशेबाच्या सोयीसाठी आम्ही एक काल्पनिक बळ मानतो आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

अध्यक्षांनी मान डोलावली. कार्यालयप्रमुखांनी त्यांची पाहून डोलावली. दाराशी उभ्या असलेल्या आरोपीने मात्र विचारले, “वर्ग म्हणजे काय, सर?”

“एखाद्या संख्येला तिनंच गुणायचं.”

“बरं. आणि आत बसून फिरणारा म्हणजे कोण? चादरच ना?” एवढे बोलून त्यांनी या लेखाच्या आरंभी दिलेला प्रश्न विचारला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि माझी सुटका केली.

या आरोपीला सगळे रुग्णालय व्याहीबुवा म्हणत असे. त्यांची एकुलती मुलगी तेव्हा शाळेत होती, त्यामुळे खरा व्याही लाभायला अजून अवकाश होता. नाव पडले ते कामावरून. ते चालवीत ते यंत्र म्हणजे कमरेइतका उंच, भोकाभोकांचा पोलादी ड्रम, तीन जाड पायांवर स्प्रिंगांच्या आधाराने झुलता टांगलेला. ओले कपडे त्यात कसेही कोंबले तर एक बाजू जड होते आणि ड्रम फिरू लागला की ती जड बाजू सगळ्या यंत्राला आपल्यामागे फरफटत नेऊ पाहते. म्हणून व्याहीबुवा कपड्यांचे चार ढीग करीत आणि समोरासमोर येणारे दोन ढीग सारख्या वजनाचे लावीत. या समोरासमोरच्या ढिगांना ते व्याही म्हणत. “व्याही तोलामोलाचे हवेत,” असे ते प्रत्येक नवागताला सांगत, “एकाचं पारडं जड झालं की सगळं घर हादरतं.” वजन ते हातांनी करीत. ओली चादर दोन्ही तळव्यांवर क्षणभर झेलायची, डोळे किंचित मिटायचे आणि तिला तिच्या ढिगात पाठवायचे. समोरासमोरच्या ढिगांत कधी एक किलोहून जास्त फरक पडत नाही, अशी त्यांची ख्याती होती. या ख्यातीची कोणी कधी परीक्षा घेतली नव्हती, आणि बहुतेक ख्याती अशाच टिकतात.

त्यांची पत्नी शेजारच्या खोलीत फाटक्या चादरी शिवत असे. तिला सगळे वहिनी म्हणत. नवऱ्याच्या कसबाबद्दल तिचे स्वतंत्र मत होते. “चादरींची वाटणी करताना हाताला ग्रॅमग्रॅम कळतो,” ती शिवणयंत्राचे पायडल थांबवून म्हणे, “घरातल्या कामाची वाटणी करायची म्हटली की हात बधिर होतात.”

सत्तावीस वर्षे हे असे चालले होते. त्यात काही सुधारणा करावी असे कोणाला वाटले नाही, कारण सुधारणा करणारा माणूस अद्याप नेमला गेला नव्हता. तो त्या वर्षी नेमला गेला. नवे व्यवस्थापक रुजू होताच त्यांनी मार्गिकेत एक फलक लावला: ‘ओली चादर दोन तासांत कोरडी’. फलक आधी लागला आणि चादर दोन तासांत कोरडी कशी करावी याचा विचार मागाहून सुरू झाला. यंत्राच्या मोटरवर मोठी पुली बसवली की ड्रम जास्त वेगाने फिरेल, जास्त पाणी निघेल आणि वाळवण्याचा वेळ वाचेल, असे निष्पन्न झाले. मिनिटाला सातशे वीस फेऱ्यांवर चालणारे यंत्र एक हजार ऐंशीवर आले. एका सल्लागार अभियंत्याने हे सुरक्षित असल्याचा दाखलाही दिला. दाखला एका परिच्छेदाचा होता; शिक्के मात्र दोन होते.

दुसऱ्याच दिवशी व्याहीबुवा व्यवस्थापकांच्या खोलीत गेले.

“साहेब, यंत्राचा आवाज बदललाय.”

“प्रगतीचा आवाज आहे तो.”

“प्रगती जरा हळू घेता येईल का? स्प्रिंगा कुरकुरतायत.”

“मी माणसांची कुरकुर ऐकत नाही,” व्यवस्थापक म्हणाले, “स्प्रिंगांची कुठं ऐकत बसू?”

व्याहीबुवा परत आले. त्यांना जेवढे करता येण्यासारखे होते तेवढे त्यांनी केले: वजने अधिक काळजीने जुळवू लागले. एक चादर तीनतीनदा झेलून पाहू लागले. व्यवस्थापकांचा वेळ वाचत होता आणि तो सगळा व्याहीबुवांच्या तळव्यांवर खर्च होत होता. असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी यंत्राने पूर्ण वेग घेतला, तोच त्याचा एक पाय तुटला. व्याहीबुवांनी धावत जाऊन वीज तोडली. पण तोवर ड्रम आपल्याभोवतीच्या लोखंडी पिंपासकट फरशी खरवडत निघाला होता. त्याने भिंत फोडली आणि व्यवस्थापकांच्या खोलीत, नेमका त्यांच्या खुर्चीपाशी, तो थांबला. व्यवस्थापक त्या वेळी कार्यक्षमतेवरील एका परिसंवादात भाषण करीत होते, म्हणून वाचले. कार्यक्षमतेने कोणाचा प्राण वाचवल्याचे माझ्या पाहण्यातले हे एकमेव उदाहरण आहे.

शिवणघरातून वहिनी धावत आली. “अहो, धड आहात ना?”

“मी आहे,” व्याहीबुवा भगदाडाकडे पाहत म्हणाले, “साहेबांची खुर्ची बघ.”

“खुर्चीला काय धाड भरलीय! हात दाखवा आधी.”

हात शाबूत होते. पण दुपारपर्यंत त्या हातांवरच आरोप ठेवला गेला. व्यवस्थापकांनी आल्या आल्या ड्रमच्या झाकणाला कुलूप घातले, आतल्या कपड्यांना ‘पुरावा’ असे नाव दिले आणि यंत्रात भार असमान भरल्यामुळे अपघात घडला अशी नोंद केली. दोष सिद्ध झाला तर बडतर्फी होती. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला, ज्याच्याजवळ ओल्या चादरीचे वजन ओळखण्यापलीकडे कोणतेही प्रमाणपत्र नाही, बडतर्फीनंतर दुसरे काम कोण देणार, हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

व्याहीबुवांचे समितीकडे एकच मागणे होते. “झाकण उघडा आणि ढीग वजन करून बघा. एक किलोच्या आत फरक निघाला नाही तर मी स्वतः घरी जातो.”

“असं काही बोलू नका,” वहिनीने मागून त्यांचा सदरा ओढला, “घरी मला विचारल्याशिवाय कुणी यायचं नाही.”

झाकण उघडले तेव्हा आठवडाभर मुरलेल्या पुराव्याचा असा काही दर्प सुटला की अध्यक्षांनी न्यायाची पुढील पायरी खिडकीजवळून पाहायचे ठरवले. कपडे मात्र ड्रमच्या भिंतीला घट्ट दाबून बसले होते. यंत्र कोलमडूनही चारही ढीग आपापल्या जागी होते. आता वजनकाट्याची वेळ आली. धुलाईघराचा काटा दीड वर्षापासून दुरुस्तीला गेलेला. शेवटी बालविभागातून तान्ह्या मुलांचे वजन करायचा काटा मागवण्यात आला. तो घेऊन आलेल्या परिचारिकेने बजावले, “परत देताना स्वच्छ पुसून द्या. उद्या सकाळी त्यावर माणसं ठेवायचीत.”

पहिल्या जोडीतला एक ढीग भरला बारा किलो, दुसरा बारा किलो दोनशे ग्रॅम.

“जुळी आहेत,” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात आठवडाभरात प्रथमच जीव आला होता.

दुसऱ्या जोडीतला एक ढीग सव्वादहा किलो भरला. त्याच्यासमोरचा साडेतेरा. वहिनीने काटा हलवून पुन्हा पाहिले. तो तेच म्हणाला. आणि आता आणखी एक टॉवेल उरला होता. ड्रमच्या तळाशी, मधोमध, तो एकटाच पडलेला सापडला. अपघाताच्या धक्क्याने कुठल्या तरी ढिगावरून सुटून आला असावा. त्याचे वजन अर्धा किलो. कार्यालयप्रमुख मनाने वाईट नव्हते. त्यांनी तो टॉवेल उचलला आणि हलक्या ढिगावर ठेवू लागले, तेवढीच तूट कमी.

“तिथं नाही, साहेब,” व्याहीबुवा म्हणाले. “तो ह्या जड ढिगातला आहे. सगळ्यात शेवटी मीच त्यावर ठेवला होता.”

वहिनीने कपाळावर हात मारला. “अहो, तुम्हाला कुणी विचारलं होतं?”

“विचारलं नाही, पण आहे त्यातला. त्याला काय करू?”

टॉवेल जड ढिगात गेला. चौदा किलो आणि सव्वादहा किलो: फरक पावणेचार किलोंचा.

“पावणेचार!” व्यवस्थापक जवळजवळ आनंदाने ओरडले. “आणि हे म्हणे एक किलोच्या आत! आता आणखी काय चौकशी करायची राहिली?”

व्याहीबुवांचा चेहरा उतरला. बडतर्फीची भीती त्यात असेलच. पण मला जे दिसले ते वेगळे होते. आपल्या हस्ताक्षरातच आपल्याविरुद्धचा कागद सापडावा तसे ते स्वतःच्या तळव्यांकडे पाहत होते. मग त्यांनी जड ढीग उलगडला आणि आतून एक जाडजूड नवे ब्लँकेट काढले. “भरताना वजन सारखंच होतं. ड्रम फिरायला लागल्यावर चादरींनी पाणी सोडलं, ह्यानं धरून ठेवलं. तिकडं सगळ्या चादरीच होत्या, त्या हलक्या झाल्या. ब्लँकेटासमोर ब्लँकेटच घालायचं असतं. जुनं असतं तर हाताला कळलं असतं, हे नवं होतं. पण मला कळायला हवं होतं.”

कार्यालयप्रमुखांनी शेवटचे वाक्य कबुलीजबाब म्हणून लिहून घेतले. आधीची पाच वाक्ये तांत्रिक स्वरूपाची असल्यामुळे त्यांनी गाळली.

त्या दिवशी माझ्या हातून एकच उपयुक्त गोष्ट घडली. यंत्राची मूळ पुस्तिका पाहायला मिळेल का, असे मी विचारले. ती फुटलेल्या भिंतीतल्या कपाटात, विटांच्या चुऱ्याखाली सापडली. तिच्यात स्वच्छ लिहिले होते: मिनिटाला सातशे वीस फेऱ्यांवर समोरासमोरच्या ढिगांत चार किलोंपर्यंत फरक चालतो, आणि या फरकाने जी ओढ निर्माण होते तिच्या दुप्पट ओढ सोसेल असे यंत्राचे पाय केलेले आहेत.

“म्हणजे पावणेचार चालतात की!” वहिनी म्हणाली.

“सातशे वीस फेऱ्यांवर चालतात,” मी म्हणालो. “यंत्र एक हजार ऐंशीवर होतं.”

“त्याचा विचार झालेला आहे,” व्यवस्थापकांनी सल्लागाराचा दाखला पुढे केला. तो आजवर मला दाखवण्यात आला नव्हता. अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचला: “वेग दीडपट वाढला असल्याने ओढ दीडपट वाढेल. पाय दुप्पट ओढीस समर्थ आहेत. सबब यंत्र सुरक्षित.” त्यांनी चष्मा काढला. “दीड दोनांपेक्षा कमी. हे तर पोरालाही कळेल. पाय तुटायला नको होता. तरी तुटला, म्हणजे भरण्यातच काहीतरी गफलत झाली असली पाहिजे.”

मी बोलायला तोंड उघडले होते. पण विद्यापीठीय शिक्षणाने माणूस वाक्याची सुरुवात ‘तत्त्वतः’ने करतो आणि तेवढ्यात वेळ जातो. व्याहीबुवा माझ्याआधी बोलले.

“सर म्हणाले ना, वेगाला वेगानंच गुणायचं? मग दीड दीडे सव्वादोन.”

“काय?” अध्यक्ष म्हणाले.

“दीडकी, साहेब. दीड एके दीड, दीड दीडे सव्वादोन. पाय दोनाचे आणि ओढ सव्वादोनाची. मग तो तुटणार नाही तर काय करणार?”

लहानपणी छडीच्या धाकाने पाठ केलेली दीडकी अध्यक्षांच्या ओठांवर हळूहळू हलताना मला दिसली. ते सव्वादोनपाशी पोचले आणि थांबले.

“दीडकी हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे,” व्यवस्थापक म्हणाले.

तो आहे, असे मी अधिकृतपणे सांगितले. त्या दिवसाच्या माझ्या भत्त्याचे समर्थन करणारे तेवढे एकच वाक्य. मग मी कागदावर आकडे मांडून दाखवले. फरक चार नसून पावणेचार होता, म्हणून ओढ पूर्ण सव्वादोन नव्हे, तर दोनांच्या जराशी वर गेली. पाय तोडायला तेवढे पुरले. जुन्या वेगावर याच कपड्यांनी, याच ब्लँकेटासह, पुस्तिकेने मान्य केलेल्या ओढीचीही मर्यादा ओलांडली नसती. तीन आठवडे यंत्र या वेगावर टिकले ते दोन शिक्क्यांच्या जोरावर नव्हे, तर व्याहीबुवांच्या हातून इतका फरक एरवी पडतच नसे म्हणून.

आणखी एक आकडा मी मांडला, पण तो वाचून दाखवला नाही. तो टॉवेल हलक्या ढिगात गेला असता तर फरक पावणेतीन किलो आला असता आणि ओढीचा हिशेब दीडाच्या आसपास थांबला असता. मग पाय का तुटला याचा उलगडा दीडकीनेही झाला नसता, आणि उत्तर पुन्हा दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडेच मागितले गेले असते. ज्या अर्ध्या किलोबद्दल बायकोने कपाळावर हात मारला होता, त्यानेच त्यांना वाचवले. आपण वाचलो कशाने हे त्यांना कळले नाही. ते त्या ब्लँकेटाचीच उलटसुलट पाहणी करीत होते.

चहाच्या वेळी अध्यक्षांनी मला बाजूला घेतले. त्यांच्यापुढे मोठा पेच होता. व्याहीबुवांवर दोष ठेवता येत नव्हता, कारण दीडकी आड येत होती. व्यवस्थापकांवर ठेवता येत नव्हता, कारण त्यांच्याजवळ दाखला होता. सल्लागारावर ठेवता येत नव्हता, कारण तो अध्यक्षांचा जावई होता, ही गोष्ट मला तेव्हाच कळली.

“तुम्ही सकाळी म्हणालात, हे बळ काल्पनिक असतं?” त्यांनी विचारले.

“एका अर्थानं.”

“ते कुणाच्या नोकरीत नाही ना? अपील वगैरे करणार नाही?”

अहवालात शेवटी असे लिहिले गेले: ‘सदर घटना अपकेंद्री बळाच्या अनपेक्षित वाढीमुळे घडली असून, तीस कोणतीही व्यक्ती जबाबदार नाही.’ माझ्या पाहण्यात तरी, अस्तित्वात नसल्याबद्दल ज्याची ख्याती आहे अशा गोष्टीवर समितीने एकमताने दोष सिद्ध केल्याची ही पहिलीच वेळ. त्याखाली माझी सही आहे. ती करताना माझा हात थोडा थांबला होता, परंतु तसे थांबणे सहीत दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात जुनी पुली ‘तांत्रिक कारणास्तव’ पुन्हा बसवण्यात आली. मार्गिकेतला फलक तसाच राहिला. चादरी वाळायला पूर्वीसारखे चार तास लागू लागले. व्यवस्थापकांची सहा महिन्यांत याहून मोठ्या रुग्णालयात बढतीवर नेमणूक झाली. व्याहीबुवांना एक पत्र मिळाले. त्यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आला असून त्यांनी ‘यापुढे अपकेंद्री बळाबाबत दक्षता बाळगावी’ असे त्यात म्हटले होते. अपराध सुटला आणि तंबी राहिली, अशी त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

त्यानंतर एकदा मी धुलाईघरात गेलो होतो. यंत्र नवा पाय लावून जागेवर उभे होते. वहिनी रुग्णालयातल्या प्रत्येक जाड ब्लँकेटाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे चार टाके घालीत बसली होती, म्हणजे ती ओली असतानाही ओळखू यावीत आणि समोरासमोरच घातली जावीत. हे काम तिला कोणी सांगितलेले नव्हते. “चारशे ब्लँकेटं आहेत,” ती म्हणाली, “दोनशे झाली. ह्यांना रोज झोपताना पावणेचार आठवतात. साहेब लोक सुटले, बळ अडकलं, आणि टाके मी घालतेय.”

“पुन्हा नाही होणार, सर,” व्याहीबुवा चादर तळव्यांवर झेलत म्हणाले. ते मला दिलासा देत होते की पत्राला उत्तर देत होते, हे मी विचारले नाही.

३१ मे १९९६ रोजी, नियत वयोमानानुसार, ते त्याच यंत्रावरून निवृत्त झाले.